सुळ्याची उघडी मान: मागे सरकलेल्या हिरडीवरच्या शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांच्या बाई. तक्रारी तीन. वरचा डावा सुळा आरशात लांब दिसतो. थंड पाणी लागलं की त्या दातातून आणि शेजारच्या उपदाढेतून कळ जाते. सुळ्याच्या मानेशी बसवलेलं फिलिंग तीन वर्षांत दोनदा निघून आलं. धूम्रपान नाही, मधुमेह नाही, रक्त पातळ करणारं औषध सुरू नाही. ब्रश कडक केसांचा, उजव्या हाताने, आडवा, जोर लावून. दातांवर थर जवळजवळ नाहीच. अशी हिरडी बऱ्याचदा स्वच्छ तोंडातच मागे सरकते, म्हणून रुग्णाला ते पटायला वेळ लागतो: इतकी काळजी घेऊनही असं का झालं, हा प्रश्न प्रामाणिक असतो. त्याचं उत्तर नीट दिलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. मापं आणि घटनाक्रम अशा रुग्णांत नेहमी भेटतो तसाच घेतला आहे. शब्दांबद्दल एक खुलासा: वरच्या जबड्यात हिरडी वर चढते, खालच्या जबड्यात खाली उतरते. त्यामुळे ‘वर’ आणि ‘खाली’ या शब्दांनी घोळ होतो. इथे ‘मुळाकडे’ आणि ‘टोकाकडे’ असं म्हटलं आहे.

तोंडात काय दिसलं

डाव्या सुळ्यावर हिरडी ४ मिमी मुळाकडे गेलेली, पहिल्या उपदाढेवर ३ मिमी, दुसऱ्या उपदाढेवर १.५ मिमी. मिलिमीटरच्या खुणांचा प्रोब हिरडीच्या फटीत हलकेच घातला तर तिन्ही ठिकाणी १ ते २ मिमीच आत जातो, रक्त येत नाही. म्हणजे खिसे नाहीत, सूज नाही. दोन दातांमधले हिरडीचे त्रिकोण, म्हणजे पॅपिला, पूर्ण भरलेले आहेत आणि एक्स-रेमध्ये दातांमधलं हाड जागच्या जागी आहे.

सगळा अंदाज या शेवटच्या वाक्यावर उभा राहतो. १९८५ साली मिलर यांनी मागे सरकलेल्या हिरडीचे चार वर्ग केले. २०११ मध्ये कैरो आणि सहकाऱ्यांनी ते सोपे करून तीन प्रकारांवर आणले, आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. दातांच्या मधल्या बाजूंना हिरडीची पकड शाबूत असेल तर पहिला प्रकार. मधली पकड गेली आहे, पण गालाकडच्या बाजूपेक्षा जास्त नाही, तर दुसरा. मधली पकड गालाकडच्यापेक्षाही जास्त गेली असेल तर तिसरा. पहिल्या प्रकारात मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते, दुसऱ्यात काही वेळा, तिसऱ्यात नाही. कारण साधं आहे. शस्त्रक्रियेनंतर हिरडी किती टोकाकडे टिकेल हे शेजारच्या पॅपिलांची उंची ठरवते. दोन खांबांमध्ये ताणलेली दोरी खांबांच्या उंचीच्या फार वर जाऊ शकत नाही. आपला रुग्ण पहिल्या प्रकारातला.

घट्ट, फिकट गुलाबी, हाडाला चिकटलेल्या हिरडीची पट्टी सुळ्यावर २ मिमी उरली होती, पहिल्या उपदाढेवर जेमतेम १ मिमी. त्यापलीकडे गालाचं सैल, लालसर अस्तर सुरू होतं. ही सीमा डोळ्यांनी ठरत नसेल तर प्रोब आडवा धरून अस्तर टोकाकडे हलकेच लोटावं. ते जिथे घडी पडून थांबतं तिथून घट्ट पट्टी सुरू होते. जाडी पाहण्याची पद्धतही तितकीच साधी: प्रोब फटीत ठेवला आणि हिरडीतून त्याचा करडा रंग दिसला, तर हिरडी पातळ. इथे तो स्पष्ट दिसत होता.

आणखी एक गोष्ट पहिल्या तपासणीत टिपली गेली, पण तिला पुरेसं वजन दिलं गेलं नाही. ओठ बाजूला केल्यावर पहिल्या उपदाढेच्या जवळ गालाकडून येणारी एक पातळ दोरी, म्हणजे बाजूचा फ्रेनम, हिरडीत रुतलेली होती. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

आधी रेषा, मग सुरी

रुग्णाच्या समजुतीने सुळ्यावर दिसणारा सगळा पिवळसर भाग म्हणजे मूळ. हिरडीच्या कडेपासून जुन्या फिलिंगच्या टोकाकडच्या कडेपर्यंत ५.५ मिमी भरत होते. प्रत्यक्षात त्यातलं मूळ ४ मिमीच होतं. उरलेलं १.५ मिमी म्हणजे घासून झिजलेलं इनॅमल, दाताच्या मुकुटाचा भाग. त्यावर हिरडी कधीच नव्हती आणि शस्त्रक्रियेनेही येणार नव्हती.

हा फरक शस्त्रक्रियेआधी सापडला नाही, तर रुग्ण ५.५ मिमी झाकण्याची वाट पाहतो. डॉक्टर ४ मिमी व्यवस्थित झाकतो, आणि दोघंही शस्त्रक्रिया फसली असं म्हणतात.

दाताच्या मधोमध इनॅमल आणि मूळ यांची सांधरेषा झिजून नाहीशी झाली होती. पण ब्रश कोपऱ्यांत तितका पोचत नाही. दाताच्या दोन्ही कडांना, पॅपिलाजवळ, सांधरेषेचे छोटे तुकडे भिंगातून दिसत होते. ते तुकडे सुळ्याच्या नैसर्गिक कमानीने जोडले की मधली हरवलेली रेषा मिळते. पॅपिला शाबूत असल्यामुळे मूळ झाकण्याची मर्यादा हीच. तेही तुकडे दिसत नसतील तर पलीकडच्या बाजूचा तोच दात मोजायचा. पॅपिला खुरटलेले असतील किंवा दात फिरलेला असेल तर हिशेब बदलतो: पॅपिला जितका कमी, तितकी मर्यादारेषा मुळाकडे धरावी लागते. रेषा ठरली की ती फोटोवर काढून रुग्णाला दाखवायची. इथे तसं केलं. बाईंनी विचारलं, “म्हणजे हा टोकाकडचा पट्टा फिलिंगनेच भरायचा?” होय, तेवढा पट्टा फिलिंगचाच.

जुनं फिलिंग मर्यादारेषा ओलांडून थेट हिरडीपर्यंत, मुळावर पसरलेलं होतं. ते पूर्ण काढलं. रेझिनवर हिरडीचे तंतू रुजत नाहीत, त्यामुळे झाकायच्या मुळावर ते राहता कामा नये. मग रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबरी पडदा, लावून, दात कोरडा ठेवून, झिजलेल्या इनॅमलवर नवं कंपोझिट, म्हणजे रेझिनचं फिलिंग, बसवलं आणि ते बरोबर मर्यादारेषेवर संपवलं. हे काम शस्त्रक्रियेआधी करायचं, कारण तेव्हा हिरडी वाटेत नसते आणि रक्त-लाळ आवरता येते. शिवाय शस्त्रक्रियेच्या दिवशी हिरडी कुठवर आणायची त्याची आखीव कडा समोर असते. पूर्वीचं फिलिंग दोनदा का निघालं हेही इथे कळलं. ते बहुतांशी मुळाच्या डेंटिनवर (इनॅमलहून मऊ थरावर), हिरडीच्या ओलाव्याशेजारी चिकटवलेलं होतं. इनॅमलची पुरेशी पकड त्याला मिळालीच नव्हती.

सहा आठवडे ब्रशचे

कारण चालू असताना दुरुस्ती केली तर ती टिकत नाही. मऊ केसांचा ब्रश दिला. हिरडीवर तिरपा टेकवून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवायची पद्धत समोर बसवून शिकवली. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरायला सांगितला, कारण त्या पकडीत जोर लावताच येत नाही. दातांमध्ये फ्लॉस. स्केलिंग एकदा. कळ कमी व्हावी म्हणून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट.

सहा आठवड्यांनी कळ निम्म्यावर आली होती. इथे थांबून विचारायचा प्रश्न असतो: शस्त्रक्रिया हवीच का? हिरडी मागे सरकली म्हणून दात लगेच पडत नाही. मापं स्थिर असतील, कळ पेस्टने आटोक्यात असेल आणि दिसण्याची खंत नसेल, तर दर सहा महिन्यांनी मोजत राहणं हा पूर्ण सन्माननीय पर्याय आहे. या रुग्णात तीन गोष्टी शस्त्रक्रियेच्या बाजूने होत्या. हसताना सुळा दिसतो आणि त्यांना ते सलत होतं. पहिल्या उपदाढेवर घट्ट हिरडी १ मिमीच असल्याने तिथे मऊ ब्रशही टोचायचा, आणि टोचतो म्हणून त्या तो भाग टाळू लागल्या होत्या. शिवाय हिरडी पातळ असल्यामुळे पुढे सरकत राहण्याचा धोका होता.

पद्धतीची निवड

झालर, म्हणजे एका बाजूने जोडलेली ठेवून उचललेली हिरडी, बाजूला सरकवून मूळ झाकण्याची कल्पना ग्रुप आणि वॉरेन यांनी १९५६ मध्ये मांडली. टाळूवरची त्वचेसकट चकती लावण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. १९८५ मध्ये लँगर यांनी टाळूच्या आतल्या संयोजी (तंतुमय) ऊतीचा ग्राफ्ट, म्हणजे काढून दुसरीकडे लावायचा तुकडा, हिरडीच्या झालरीखाली सरकवला आणि तिथून या शस्त्रक्रियेचं रूप बदललं. कारण रक्ताचं आहे. उघडं मूळ ग्राफ्टला रक्ताचा थेंबही देत नाही. उघड्यावर लावलेली चकती फक्त कडांवरून जगते. दोन थरांमध्ये ठेवलेल्या ग्राफ्टला मात्र वरून झालरीचं आणि बाजूने हाडावरच्या पडद्याचं रक्त मिळतं.

चकती इथे नको होती. ती घट्ट पट्टी छान वाढवते, पण रंग फिकट, टायरच्या ठिगळासारखा राहतो, आणि सुळा हसताना दिसतो. बोगदा पद्धत, म्हणजे पॅपिला न कापता हिरडीखालून पोखरून ग्राफ्ट आत ओढणं, चालली असती. पण पहिल्या उपदाढेवरची हिरडी इतकी पातळ आणि अरुंद होती की पोखरताना फाटण्याची भीती होती. फाटलेली कडा शिवून पुन्हा तशी होत नाही. प्राण्यांच्या कोलॅजनपासून केलेले तयार पडदे टाळूची जखम वाचवतात, तो त्यांचा खरा फायदा. मात्र पातळ हिरडीत जाडी कायमची वाढवायची असेल तर स्वतःच्या टाळूचा ग्राफ्ट अजूनही जास्त भरवशाचा.

म्हणून ठरलं असं: उभे छेद न देता, बाजूच्या पटाशीच्या दातापासून पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेपर्यंत एकच झालर उचलायची, टोकाकडे आणायची, आणि ग्राफ्ट सुळा व पहिल्या उपदाढेखालीच ठेवायचा. दुसऱ्या उपदाढेला ३ मिमी घट्ट हिरडी होती, तिला ग्राफ्टची गरज नव्हती. उभे छेद टाळले की झालरीचा रक्तपुरवठा बाजूंनीही शाबूत राहतो आणि उभे पांढरे व्रणही उरत नाहीत.

शस्त्रक्रिया

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने एक मिनिट चूळ. भूल २ टक्के लिग्नोकेनची, अॅड्रेनॅलिनसह, गालाकडच्या घडीत. पॅपिलात थेट भूल भरायची नाही. तो फुगतो, पांढरा पडतो आणि छेदाचं माप चुकतं.

१५सी पात्याने दातांमधल्या भागांत तिरपे छेद घेतले. सुळा झालरीचा मध्य धरला. छेदांमुळे बनणारी नवी टोकं सुळ्याकडे कललेली ठेवली, कारण झालर टोकाकडे येताना थोडी फिरतेही. ती फिरली की प्रत्येक टोक आपल्या पॅपिलावर मधोमध येऊन बसतं. छेद सरळ घेतले तर झालर पुढे आणल्यावर टोकं दातावर येतात आणि पॅपिला उघडा राहतो. जुन्या पॅपिलाच्या टोकापासून नव्या टोकापर्यंतचं अंतर हिरडी जितकी मागे सरकली त्यापेक्षा १ मिमी जास्त धरायचं.

झालर तीन टप्प्यांत उचलली. नवी टोकं अर्ध्या जाडीची. मुळावरचा भाग पूर्ण जाडीचा, म्हणजे हाडावरचा पडदा झालरीबरोबर घेऊन, हाडाची कडा दिसल्यापासून पुढे साधारण ३ मिमीपर्यंत. त्यापुढे पुन्हा अर्ध्या जाडीचा. मधला भाग पूर्ण जाडीचा ठेवण्याचं कारण असं की मुळावर येणारी झालर जितकी जाड तितकी ती जगण्याची खात्री जास्त. ०.८ मिमीपेक्षा पातळ झालरीत पूर्ण झाकण मिळण्याचं प्रमाण कमी असतं.

यानंतरची दोन मिनिटं साऱ्या शस्त्रक्रियेचं भवितव्य ठरवतात. झालर हाडाच्या पडद्याला आणि ओठाच्या स्नायूंना धरलेली असते. आधी पातं हाडाला समांतर धरून खोलची धरण सोडवायची, मग पातं अस्तराच्या आतल्या बाजूला समांतर धरून वरवरचे स्नायूतंतू सोडवायचे. दुसऱ्या छेदात पातं वळवलं नाही तर झालरीला भोक पडतं. काम झालं का हे पाहण्याची एकच खरी परीक्षा आहे: झालर चिमट्याने धरून आणायची नाही. ओठ हलवला तरी ती स्वतःहून सांधरेषेच्या २ मिमी टोकाकडे पडून राहिली पाहिजे. सुळ्यावर आणि दुसऱ्या उपदाढेवर ती तशी पडली. पहिल्या उपदाढेवर सांधरेषेपर्यंत आली, पण ओठ हलवला की किंचित मागे जायची. तेवढं टाके धरतील असं मानून पुढे जाण्यात आलं. चूक इथे झाली.

मुळं क्युरेट या खरवडायच्या हत्याराने घासली, तीही फक्त पूर्वी उघडा असलेला भाग. झालर उचलल्यावर नव्याने दिसलेल्या मुळावर जिवंत तंतू असतात, त्यांना हात लावायचा नाही. मग २४ टक्के ईडीटीए जेल दोन मिनिटं आणि सलाइनने भरपूर धुणं. या जेलमुळे झाकणाचं प्रमाण वाढतं असं ठोस सिद्ध झालेलं नाही. घासल्यावर राहिलेला थर निघतो, म्हणून ते वापरतात. शेवटी जुन्या पॅपिलांच्या पृष्ठभागावरची पातळ त्वचा काढून ते रक्ताळलेले केले. त्वचेवर त्वचा शिवली तर चिकटत नाही.

टाळू

टाळूतली सुरक्षित पट्टी सुळ्याच्या मागच्या कडेपासून पहिल्या दाढेच्या पुढच्या भागापर्यंत. त्यापलीकडे दाढेचं मूळ फुगीर असतं आणि वरची ऊती पातळ होते. टाळूची मोठी रक्तवाहिनी दातांच्या सांधरेषेपासून मध्यम टाळूत साधारण १२ मिमीवर, उथळ टाळूत ७ मिमीवरच असते. म्हणून टाळू उथळ असेल तर ग्राफ्टची उंची कमी धरावी लागते. सुईवर रबरची चकती घालून जाडी मोजली: ३ मिमी.

ग्राफ्ट १५ मिमी लांब, ५ मिमी उंच, दीड मिमी जाड घेतला, दातांच्या हिरडीपासून २ मिमी अंतर राखून. याहून मोठा ग्राफ्ट म्हणजे जास्त झाकण, असं नाही. वाढीव भाग झालर आणि तिला रक्त देणारा तळ यांच्या मध्ये येतो आणि झालरीचीच उपासमार करतो.

हा ग्राफ्ट त्वचेसकट घेऊन तोंडाबाहेर सोलला. अशा पद्धतीने त्वचेलगतचा दाट, तंतुमय थर मिळतो. खोलचा थर चरबीचा आणि ग्रंथींचा असतो, तो आकसतो. सोलताना ग्राफ्ट ओल्या गॉझवर, सपाट पृष्ठभागावर पसरवायचा आणि दिव्याचा प्रकाश बाजूने तिरपा पाडायचा. जिथे त्वचा उरली आहे तिथे पृष्ठभाग चकाकतो. जिथे ती निघाली तिथे तो मंद, कापसासारखा दिसतो. चकाकी संपेपर्यंत पातं जवळजवळ आडवं ठेवून सोलायचं. एखादा चकाकता ठिपका आत राहिला तर पुढे झालरीखाली गाठ (सिस्ट) किंवा पांढरा डाग होऊ शकतो. सोलल्यावर जाडी १ मिमी उरली.

टाळूच्या जखमेवर कोलॅजन स्पंज ठेवून आडवे-तिडवे टाके घातले, मग पाच मिनिटं बोटाने दाब. टाळू झाकणारी पारदर्शक पट्टी आधीच साच्यावर करून घेतली होती, ती लगेच बसवली. रुग्णांना नंतर जास्त त्रास होतो तो बहुधा टाळूचाच, दाताच्या जागेचा नाही. ही पट्टी तो त्रास बराच हलका करते, आणि रात्री रक्त आल्याचे फोनही कमी करते.

टाके

ग्राफ्ट ७-० च्या विरघळणाऱ्या धाग्याने पॅपिलांच्या तळाशी दोन्ही टोकांना बांधला, टोकाकडची कडा सांधरेषेवर. सुळ्याच्या झिजेचा खड्डा त्याने नीट भरला. मग झालर ६-० पॉलिप्रोपिलिनने, प्रत्येक दाताभोवती फिरवून मागून आणलेल्या टाक्यांनी, सांधरेषेच्या दीड ते दोन मिमी टोकाकडे बांधली. इतकं पुढे नेण्याचं कारण असं की पहिल्या काही आठवड्यांत ती थोडी मागे येतेच.

धागा बारीक घेण्यामागे एक शहाणपण आहे. जाड धाग्याने ताणलेली झालर ओढून बांधता येते आणि मग ऊती फाटते. बारीक धागा आधी तुटतो, आणि झालर अजून मोकळी झालेली नाही हे तिथल्या तिथे सांगतो. पहिल्या उपदाढेवरचा एक धागा बांधताना तुटला होता. तो नुसता बदलण्यात आला.

शेवटी ओल्या गॉझने चार मिनिटं हलका दाब. झालरीखाली रक्ताची जाड गाठ राहिली तर ग्राफ्ट आणि झालर यांच्यात अंतर पडतं. पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्ट केवळ पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, त्या काळात अर्धा मिलिमीटरसुद्धा दूर असतो.

घरी काय करायचं

दोन आठवडे त्या भागात ब्रश नाही, फ्लॉस नाही. ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा एक मिनिट, पेस्टने दात घासल्यावर निदान अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधला फेस त्याचा परिणाम मारतो. दातांवर तपकिरी छटा येते, चव बदलते, दोन्ही जातात. वेदनेला आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, जेवणानंतर, तीन दिवस. प्रतिजैविक दिलं नाही, निरोगी रुग्णात त्याची नेमाने गरज नसते. पहिला दिवस बाहेरून थंड शेक, पंधरा-वीस मिनिटं ठेवून तितकाच वेळ काढून. अन्न मऊ, कोमट, दुसऱ्या बाजूने. आणि ठळक अक्षरांत: ओठ उचलून बघायचं नाही.

सातवा दिवस

सुळा आणि दुसरी उपदाढ उत्तम. पहिल्या उपदाढेवर झालरीची कडा सांधरेषेच्याही १.५ मिमी मागे आलेली, आणि ग्राफ्टची ३ मिमी रुंद पट्टी उघडी. वर पांढरट साय, आत गुलाबी. बाईंचा चेहरा उतरला होता. “चौथ्या दिवशी जरा फुगल्यासारखं वाटलं म्हणून आरशात बघायला ओठ वर केला. एकदाच.”

दोष त्या एका क्षणावर टाकणं सोपं होतं आणि चुकीचं ठरलं असतं. सुळ्यावरचा ओठही तेव्हाच उचलला गेला होता, तो भाग हलला नाही. पहिल्या उपदाढेवरची झालर टेबलावरच पूर्ण मोकळी झालेली नव्हती. गालाकडून येणारी ती फ्रेनमची दोरी खोल छेदात तुटली, पण वरवरच्या थरात तिचा एक धागा राहिला होता. ओठ हलला की झालर मागे जात होती ती त्यामुळे. तुटलेला टाकाही तेच सांगत होता. उरलेला ताण जितका जास्त तितकं झाकण कमी, हा या शस्त्रक्रियेत वारंवार मोजला गेलेला संबंध आहे. रुग्णाच्या हाताने फक्त आधीच असलेला ताण उघड केला. त्या धाग्यासाठी पात्याचा आणखी एक वरवरचा फेरा, बहुधा दोन मिनिटांचा, पुरला असता.

आता करायचं काय? काहीच नाही. पुन्हा शिवायचं नाही, साय खरवडायची नाही. झालर या दिवसांत ठिसूळ असते आणि सुई घातली की अख्खी निसटू शकते. ग्राफ्टचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग झालरीखाली आहे तोवर तो उघड्या पट्टीलाही रक्त पुरवतो. रंग काळपट-करडा झाला असता तर तेवढा भाग मेला असं धरून तो आपोआप गळू द्यायचा. इथे तो गुलाबी होता. बाईंना हेच सगळं सांगितलं, फोटो दाखवून, त्यांची चूक म्हणून नव्हे. टाके बाराव्या दिवशी काढले. क्लोरहेक्सिडिन आणखी एक आठवडा. चौथ्या आठवड्यापासून अतिमऊ ब्रश, त्याच गुंडाळत्या पद्धतीने.

बारा महिने

टाळू तीन आठवड्यांत भरला. दोन महिन्यांनी सुळ्यावर जाडसर उंचवटा दिसत होता आणि बाईंना तो घासून हवा होता. वाट पाहायला सांगितलं, ऊती महिनोन्महिने बसत जाते. सहा महिन्यांत तो बोटाला लागेनासा झाला.

एका वर्षाची मापं: सुळ्यावर हिरडी बरोबर कंपोझिटच्या कडेला, मूळ पूर्ण झाकलेलं. घट्ट पट्टी २ वरून ३.५ मिमी. दुसरी उपदाढ पूर्ण. पहिल्या उपदाढेवर ०.५ मिमी उघडं, पण घट्ट पट्टी १ वरून ३ मिमी झालेली. उघडा पडलेला तो ग्राफ्टचा तुकडा वाचला आणि उलट तिथली हिरडी सर्वांत कणखर झाली, रंगाने एक छटा फिकट. प्रोब सगळीकडे १ ते २ मिमी. प्रोबचा करडा रंग आता हिरडीतून दिसत नाही. सुळ्याची कळ गेली, उपदाढेला क्वचित जाणवते.

झाकलेल्या मुळावर हिरडी कशी धरते हेही रुग्णाला माहीत असावं. मुळाकडच्या थोड्या भागात नवे तंतू रुजू शकतात. उरलेल्या भागात पकड प्रामुख्याने त्वचेच्या पातळ थराची असते. ती टिकाऊ असते, पण आडव्या, जोरकस ब्रशापुढे नाही.

उपदाढेच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी दुसरी शस्त्रक्रिया सुचवली नाही. तिथे आता ब्रश टोचत नाही, मूळ हेतू तोच होता. याच भेटीत उजव्या सुळ्यावर हिरडी १ मिमी मागे गेलेली आढळली. तारखेसह नोंद केली, फोटो घेतला. ब्रश आणायला सांगितला होता, तो तपासला: तीन महिने वापरूनही केस फाकलेले नव्हते. पुढचं माप सहा महिन्यांनी, त्याच प्रोबने, त्याच बिंदूवर.